बेसमेंटमधली ऑइलची टाकी आणि रिबेटचा गुंता: मॅसॅच्युसेट्समध्ये जुनं घर घेणाऱ्यांसाठी

अपार्टमेंटमध्ये राहत असेपर्यंत हीटिंग म्हणजे भिंतीवरचा थर्मोस्टॅट, एवढीच आपली ओळख. मग घर घ्यायची वेळ येते. बॉस्टन-वूस्टर पट्ट्यात बजेटमध्ये बसणारी घरं १९५०-६० च्या आसपास बांधलेली निघतात आणि लिस्टिंगमध्ये बारीक अक्षरांत 'हीट: ऑइल' असं लिहिलेलं असतं. मॅसॅच्युसेट्समधली साधारण चौथा हिस्सा घरं अजून ऑइलवर, म्हणजे टाकीत साठवलेलं इंधन तेल जाळून, तापतात. अख्ख्या अमेरिकेत अशी सुमारे ५० लाख कुटुंबं आहेत आणि त्यातली बहुतेक या ईशान्य कोपऱ्यात राहतात. त्यामुळे न्यू जर्सी, कनेक्टिकट किंवा न्यूयॉर्कमध्ये घर बघणाऱ्यांनाही हा लेख बराचसा उपयोगी पडेल. फक्त योजनांची नावं बदलून वाचा.

घर घेतलं की महिन्याभरात पत्रपेटीत पत्रकं पडायला लागतात. एक म्हणतं, जुना बॉयलर बदला, आम्ही पैसे देतो. दुसरं म्हणतं, ऑइल सोडा, आम्ही पैसे देतो. तिसरं सांगतं, सरकार टॅक्समध्ये सूट देतंय. तिन्ही पत्रकं रंगीत, तिन्हींवर हसरं कुटुंब. या तिघांच्या पिशव्या वेगळ्या, अटी वेगळ्या आणि हेतूही वेगळे. आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत. ज्या क्रमाने गेल्यास पैसे हातचे जात नाहीत, तो क्रम खाली देतोय.

१. आधी बेसमेंटमध्ये उतरा आणि काय आहे ते ओळखा

पहिला प्रश्न: बॉयलर आहे की फर्नेस? घरात रेडिएटर किंवा भिंतीच्या तळाशी लांबट बेसबोर्ड असतील तर खाली बॉयलर आहे आणि तो पाणी तापवतो (फार जुन्या घरांत वाफ करतो). जमिनीत किंवा भिंतीत जाळ्या असून त्यातून गरम हवा येत असेल तर फर्नेस. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण डक्ट (गरम हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे मार्ग) आधीपासून असतील तर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर आत आणणारं यंत्र, बसवणं सोपं जातं. बॉयलरच्या घरात तसं नसतं.

बॉयलरला तारेने किंवा दोऱ्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलेलं सापडेल. दरवर्षी सर्व्हिसला येणारा टेक्निशियन त्यावर तारीख, धुराचं तापमान, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आणि 'एफिशियन्सी' असा आकडा लिहून जातो. तेलकट बोटांचे ठसे असलेलं ते कार्ड म्हणजे घराची जन्मपत्रिकाच. त्याचा फोटो काढून ठेवा. मधली तीन-चार वर्षं कोरी असतील तर विकणाऱ्याने बॉयलरकडे बघितलेलं नाही, हे उघड आहे.

पण त्या आकड्याला भुलू नका. कार्डावर ८३ टक्के दिसलं की विकणाऱ्याचा एजंट म्हणतो, 'बघा, अजून छान चालतोय.' तो आकडा बर्नर पेटलेला असतानाच्या क्षणाचा असतो. बर्नर बंद असताना तापलेल्या लोखंडातून आणि धुराड्यातून जी उष्णता वाया जाते, ती त्यात धरलेलीच नसते. नव्या उपकरणांवर जो वार्षिक सरासरीचा आकडा छापतात, त्याला एएफयूई म्हणतात. घरी चालणारे नवे गरम पाण्याचे ऑइल बॉयलर २०२१ पासून किमान ८६ टक्क्यांचे असावे लागतात, वाफेचे ८५. फर्नेसला ८३ टक्क्यांची अट २०१३ पासूनच आहे. तीस-चाळीस वर्षांचा बॉयलर प्रत्यक्षात ७० टक्क्यांच्या आसपासच असेल, असं धरून चाला.

आणखी एक गोष्ट बघा: नळाचं गरम पाणी कुठून येतं? वेगळा वॉटर हीटर दिसत नसेल तर बॉयलरच्या पोटातच टँकलेस कॉइल, म्हणजे नळाचं पाणी तापवणारी नळीची गुंडाळी, आहे. मग जुलै महिन्यातही तो बॉयलर दिवसरात्र गरम राहतो, तेसुद्धा आंघोळीच्या दोन बादल्यांसाठी. अशा घरात हिवाळ्याच्या आधी उन्हाळ्याचं ऑइल वाचवता येतं आणि त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

२. टाकी आणि तेलाची नळी: इथे हयगय नको

बेसमेंटमधली टाकी बहुधा २७५ गॅलनची असते. ती काठोकाठ भरत नाहीत, साधारण २५० गॅलनच मावतात. भरताना हवा बाहेर जाते त्या पाइपमध्ये एक शिटी असते. बाहेर होज धरून उभा असलेला माणूस ती शिटी ऐकत असतो. शिटी थांबली की टाकी भरली. डिलिव्हरीच्या वेळी घरातून तो आवाज नीट येतोय ना, हे एकदा कान देऊन ऐका.

लोखंडी टाकी बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून गंजते. तळाला पाणी आणि गाळ साठतो, तिथून. म्हणून टाकीच्या पोटाखाली हात फिरवा. बोटं ओली किंवा तेलकट झाली, तर बॉयलरच्या आधी टाकीचं बघा.

टाकीपासून बर्नरपर्यंत तांब्याची बारीक नळी जाते. जुन्या घरांत ती सरळ काँक्रीटमध्ये पुरलेली असते. काँक्रीटमध्ये तांबं झिजतं आणि गळती महिनोन्महिने कुणाला कळत नाही. यासाठी मॅसॅच्युसेट्सने २००८ मध्ये कायदाच केला. त्यानुसार ३० सप्टेंबर २०११ पर्यंत अशा घरांनी ऑइल सेफ्टी व्हॉल्व्ह (नळी गळायला लागली तर तेल थांबवणारी झडप) तरी बसवायचा होता किंवा नळीवर संरक्षक आवरण तरी घालायचं होतं. कायदा आला तेव्हा सरकारने खर्चाचा अंदाज १५० ते ३५० डॉलर दिला होता. आज थोडा जास्त धरा. गळती झाली तर सफाईचं बिल हजारोंनी येतं आणि साधी होमओनर्स पॉलिसी ते बहुधा भरत नाही.

त्याच कायद्याचा दुसरा भाग लोकांना माहीतच नसतो. विमा कंपनीने ऑइल गळतीचं संरक्षण मागणाऱ्याला द्यायलाच हवं, पण घेणं तुमच्या मर्जीवर आहे, म्हणजे मागितल्याशिवाय मिळत नाही. किमान संरक्षण स्वतःच्या जागेच्या सफाईसाठी ५०,००० डॉलर आणि शेजाऱ्याच्या जागेपर्यंत प्रकरण गेलं तर २,००,००० डॉलर. व्हॉल्व्ह किंवा आवरण बसवल्याचा दाखला मात्र दाखवावा लागतो. क्लोजिंगच्या, म्हणजे घर तुमच्या नावावर होण्याच्या, आधी विकणाऱ्याकडून तो मागून घ्या. क्लोजिंगनंतर कोण कुणाला कागद शोधून देतो?

न्यू जर्सीत घर बघताय? मग सर्वांत आधी अंगणात पुरलेली टाकी नाही ना, याची 'टँक स्वीप' करून घ्या. पूर्वीच्या मालकाने गॅस घेतला आणि टाकी जमिनीतच सोडली, असे प्रकार तिथे सर्रास सापडतात. साध्या होम इन्स्पेक्शनमध्ये हे धरलेलं नसतं. ते वेगळं सांगावं लागतं.

३. पत्रक कोणाच्या पैशाने छापलंय ते बघा

माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

पहिली पिशवी ऑइलवाल्यांची. अमेरिकी काँग्रेसने २००० साली एक कायदा करून नॅशनल ऑइलहीट रिसर्च अलायन्स, म्हणजे नोरा, ही संस्था उभी करायला परवानगी दिली. घाऊक पातळीवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलन हीटिंग ऑइलमागे सेंटचा पाचवा हिस्सा तिच्याकडे जातो. त्यातून संशोधन, टेक्निशियनचं प्रशिक्षण आणि ग्राहकांपर्यंत पोहोचण्याचे कार्यक्रम चालतात. 'अपग्रेड अँड सेव्ह' सारख्या नावाने जुना बॉयलर, फर्नेस किंवा टाकी बदलायला मिळणारे रिबेट (खर्चातली परत मिळणारी रक्कम) या पैशातून येतात आणि राज्यातल्या ऑइल विक्रेत्यांच्या संघटनेमार्फत वाटले जातात. रक्कम साधारण काही शे डॉलरची असते. निधी ठरावीक असतो, तो संपला की त्या वर्षाचं दुकान बंद. आणि तुमचा ऑइल डीलर त्या कार्यक्रमात सहभागी असावा लागतो. या पिशवीचा हेतू सरळ आहे: तुम्ही ऑइलवरच राहावं.

दुसरी पिशवी वीज आणि गॅस कंपन्यांची. मॅसॅच्युसेट्समध्ये तिचं नाव मास सेव्ह. एव्हरसोर्स, नॅशनल ग्रिड, युनिटिल, केप लाइट कॉम्पॅक्ट वगैरे मिळून ती चालवतात आणि पैसा येतो तुमच्याच बिलातल्या एनर्जी एफिशियन्सी नावाच्या आकारातून. म्हणजे तुम्ही दर महिन्याला त्यात भर घालताच आहात, न वापरणं हा शुद्ध तोटा. एके काळी मास सेव्ह चांगल्या ऑइल बॉयलरलाही रिबेट द्यायचं. २०२२ पासूनच्या आराखड्यात ते थांबलं आणि सगळा जोर हीट पंपावर गेला. तरीही जुनी पानं इंटरनेटवर तरंगतात आणि एखादा कंत्राटदार त्यांच्या भरवशावर 'तुम्हाला बॉयलरवर मास सेव्हचं रिबेट मिळेल' असं बिनदिक्कत सांगून जातो.

तिसरी पिशवी केंद्र सरकारची आणि ती आता जवळपास रिकामी आहे. २०२३ ते २०२५ या वर्षांत हीट पंपाला २,००० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट होतं. ऑइल बॉयलरलाही ६०० डॉलरपर्यंत होतं, मात्र तो २० टक्के बायोडिझेलच्या मिश्रणावर चालू शकणारा हवा, अशी अट होती. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या उपकरणांसाठी हे क्रेडिट बंद केलं. तुमचं काम त्या तारखेच्या आत पूर्ण झालं असेल तर त्या वर्षाच्या रिटर्नसोबत फॉर्म ५६९५ भरा. नंतरचं काम असेल आणि सेल्समन कोटेशनमध्ये ही रक्कम वजा करून दाखवत असेल, तर ती ओळ खोडायला सांगा. तो खोडत नसेल तर दुसरा माणूस बघा.

कमी उत्पन्न असलेल्यांसाठी चौथी वाट आहे. हीप हा हिवाळी इंधन मदतीचा कार्यक्रम. त्याचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल, आणि उत्पन्नाची मर्यादा राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्के. अर्ज स्थानिक कम्युनिटी अॅक्शन एजन्सीकडे करायचा. त्याला जोडून हार्टवॅप नावाची योजना आहे. तिच्यातून बंद पडलेलं हीटिंग दुरुस्त करून, वेळ पडल्यास बदलूनही मिळतं. विद्यार्थी मुलांकडे राहायला आलेले आई-वडील, एका पगारावरची घरं, यांनी हे नीट बघावं. मात्र हे सरकारी साहाय्य असल्यामुळे व्हिसावर असाल किंवा ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. मास सेव्हचं तसं नाही, तिथे तुम्ही फक्त वीज ग्राहक असता.

४. तुमचं गाव कोणाची वीज घेतं?

हे घर घेण्याआधीच तपासा. मॅसॅच्युसेट्समध्ये चाळीसएक ठिकाणी वीज नगरपालिकेची आहे: श्रूजबरी, कॉन्कर्ड, बेलमाँट, वेलस्ली, ब्रेनट्री, नॉरवूड ही त्यातली काही. आपली मंडळी श्रूजबरीत पुष्कळ आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय. नगरपालिकेची वीज आणि ऑइलचं हीटिंग अशी जोडी असेल तर मास सेव्ह तुमच्यासाठी नाही. शेजारच्या गावातल्या मित्राला मिळालेलं तुम्हाला मिळणार नाही आणि फोनवर कितीही हुज्जत घातली तरी उपयोग नाही, कारण तुमच्या बिलातून त्यांच्याकडे पैसे गेलेलेच नसतात.

अशा गावांचे स्वतःचे कार्यक्रम असतात. काही गावं मिळून नेक्स्टझीरो नावाची योजना चालवतात. रकमा बहुतेक ठिकाणी लहान असतात. पण नगरपालिकेची वीज बहुधा बरीच स्वस्त असते आणि पुढच्या हिशोबात तीच खरी सवलत ठरते.

५. मशीनच्या आधी घर

सगळे बॉयलरच्या मागे धावतात. आधी घराची एनर्जी असेसमेंट करून घ्या. मास सेव्हमध्ये ती फुकट आहे. माणूस दोनेक तास घरात फिरतो, अॅटिकमध्ये डोकावतो, भिंतीच्या सॉकेटमागे बघतो, बॉयलर तपासतो आणि यादी देतो. अॅटिक आणि भिंतींच्या इन्सुलेशनचा ७५ टक्के खर्च, आणि उत्पन्नानुसार काहींना पूर्ण खर्च, असं प्रमाण गेली काही वर्षं चालत आलंय. फटी बुजवणं म्हणजे एअर सीलिंग बहुतेक वेळा फुकटात होतं.

इथे दोन-तीन अडसर येतात आणि काम महिनोन्महिने रखडतं:

- १९३० च्या आधीच्या घरांत 'नॉब अँड ट्यूब' वायरिंग (चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या जुन्या तारा) असू शकतं. ते चालू असेल तर त्यावर इन्सुलेशन टाकता येत नाही. आधी इलेक्ट्रिशियनचा दाखला.
- अॅटिकमध्ये खड्यांसारखं करडं-सोनेरी इन्सुलेशन दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. त्यात अॅस्बेस्टॉसची शक्यता असते. हात लावू नका, झाडू तर अजिबात मारू नका.
- बेसमेंटमध्ये ओल किंवा बुरशी.

हे अडसर दूर करायलाही वेगळं साहाय्य असतं, पण ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. असेसमेंटच्या वेळीच विचारा.

इन्सुलेशन आधी का? नवा बॉयलर किंवा हीट पंप किती मोठा घ्यायचा, हे घर किती उष्णता गमावतं त्यावर ठरतं. आधी मशीन घेतलं आणि मग घर बंदिस्त केलं, तर गरजेपेक्षा मोठं मशीन गळ्यात पडतं. मोठं मशीन सारखं चालू-बंद होतं, जास्त इंधन खातं आणि लवकर खराब होतं. शिवाय संपूर्ण घराच्या हीट पंप रिबेटसाठी घर पुरेसं इन्सुलेट झालेलं असणं ही मास सेव्हची अटच आहे.

६. ऑइलवर राहायचं की सोडायचं: कागदावर मांडा

दोन्ही बाजूंच्या पत्रकांतले 'इतके टक्के बचत' बाजूला ठेवा. मागच्या दोन हिवाळ्यांच्या डिलिव्हरी स्लिपा काढा (विकणाऱ्याकडून मागा किंवा त्याच्या डीलरला फोन करा) आणि स्वतः आकडेमोड करा.

समजा, घर वर्षाला ८०० गॅलन जाळतं. बॉयलर ७० टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेला तर सुमारे १५५ गॅलन वाचतात. ऑइल गॅलनला ३.७५ डॉलर धरलं तर वर्षाला ५८० डॉलर. टँकलेस कॉइल जाऊन वेगळी इन्सुलेट केलेली पाण्याची टाकी आली, तर आणखी. त्यात एक रिबेट धरा आणि किती वर्षांत पैसे वसूल होतात ते बघा.

आता हीट पंप. एका गॅलन ऑइलमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात. ८७ टक्क्यांच्या बॉयलरमधून त्यातले १,२०,५०० घरात येतात. म्हणजे दहा लाख बीटीयूला ३१ डॉलर. हीट पंप हंगामभरात एका युनिट विजेतून सरासरी २.७ युनिट उष्णता देतो असं धरा. वीज ३० सेंटला युनिट असेल तर तेवढ्याच उष्णतेला ३२-३३ डॉलर पडतात. म्हणजे जवळपास बरोबरी. वीज १८ सेंटला असलेल्या गावात तोच आकडा २० डॉलरखाली येतो आणि मग ऑइल स्पर्धेतच राहत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून एव्हरसोर्स आणि नॅशनल ग्रिडने हीट पंप असलेल्या घरांना हिवाळ्यासाठी कमी दर लावायला सुरुवात केली आहे. तो दर धरून हिशोब करा, पण तो तुमच्या खात्याला लागू झाला की नाही, हे बिलावर तपासा.

माझं मत विचाराल तर: डक्ट आहेत, एसीही घालायचाच आहे आणि बॉयलर-फर्नेस म्हातारी झाली आहे, अशा घराने हीट पंपाकडे जावं. न्यू इंग्लंडचा उन्हाळाही आता एसीशिवाय सोसत नाही. रेडिएटरचं घर, दहा वर्षांचा बरा बॉयलर आणि ३० सेंटची वीज, अशा घराने इन्सुलेशन करून गप्प बसावं. मधला मार्गही आहे. झोपायच्या खोल्यांना हीट पंप आणि कडाक्याच्या थंडीत ऑइल. बरेच जण शेवटी तिथेच येतात.

ऑइलवरच राहणार असाल तर बायोहीटबद्दल डीलरला विचारा. हीटिंग ऑइलमध्ये बायोडिझेल मिसळतात, त्याचं हे नाव. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून ५ टक्के, २०२५ पासून १० आणि २०३० पासून २० टक्के मिश्रण कायद्याने सक्तीचं आहे. नवा बर्नर घेताना तो किमान २० टक्के मिश्रणाला चालणारा आहे, असं लेखी घ्या.

७. कोटेशन मागताना

तीन कोटेशन घ्या आणि त्यातलं एक तरी तुमच्या सध्याच्या डीलरखेरीज दुसऱ्या कुणाचं असू द्या. प्रत्येकाला हे विचारा:

- घराचा हीट लोड (घराला किती उष्णता लागते ते) मोजणार का? 'जुना जेवढा होता तेवढाच लावू' असं म्हणणारा बाद.
- धुराड्याला नवा लायनर (आतलं अस्तर) लागेल का आणि तो किमतीत धरलाय का?
- जुन्या पाइपांवरचं पांढरं प्लास्टरसारखं आवरण अॅस्बेस्टॉस निघालं तर ते कोण काढणार?
- परमिट कोण काढणार? उत्तर 'आम्ही' हेच हवं.
- रिबेट आधी वजा करणार की नंतर तुम्हाला चेक येणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा. 'रिबेट धरून किंमत अमुक' असं लिहिलेलं असेल आणि रिबेट नामंजूर झालं, तर फरक कोण भरणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला कंत्राटदाराने 'फॉर्म नंतर भरू, आधी थंडीच्या आत बसवून टाकू' असं सांगितलं. बॉयलर उत्तम बसला, पण निधी तोवर संपला होता. फरक अर्थातच त्यांच्या खिशातून गेला.

८. अर्ज: कागद आधी, काम नंतर

ऑइलवाल्यांच्या रिबेटमध्ये आधी रक्कम राखून ठेवावी लागते का, अर्ज डीलर करतो की घरमालक, हे राज्यागणिक वेगळं आहे. जुनं मशीन उचलण्याआधी डीलरकडून मंजुरीचा ईमेल पुढे पाठवून घ्या. मास सेव्हच्या हीट पंपासाठी कंत्राटदार त्यांच्या इन्स्टॉलर यादीतला हवा. तुमच्या सोसायटीतल्या मित्राचा 'खूप स्वस्त करणारा माणूस' यादीत नसेल तर तो महागात पडतो. संपूर्ण घराचं रिबेट २०२५ पर्यंत १०,००० डॉलरपर्यंत जायचं, पुढे ते कमी झालं. रकमा दर जानेवारीत बदलतात म्हणून काम डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर असेल तर कोणती तारीख धरणार, कराराची की काम पुरं झाल्याची, हे विचारून घ्या. हीट लोन नावाचं कर्ज बरीच वर्षं शून्य व्याजाने मिळत आलंय. तेही कामाआधीच मंजूर करून घ्यायचं असतं.

एका फोल्डरमध्ये हे सगळं ठेवा:

- वीजबिल (खातं ज्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावावर, नवऱ्याच्या नावाचं बिल आणि बायकोचा अर्ज असं झालं की फाइल परत येते)
- मागच्या हिवाळ्याच्या ऑइलच्या स्लिपा
- जुन्या मशीनच्या नेमप्लेटचा फोटो, मॉडेल आणि सीरियल नंबर वाचता येईल असा
- असेसमेंटचा अहवाल आणि इन्सुलेशन पूर्ण झाल्याचा कागद
- सही केलेला करार
- नव्या मशीनचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि एएफयूई लिहिलेलं अंतिम बिल, 'पूर्ण भरले' अशा नोंदीसह
- परमिट आणि इन्स्पेक्शनची सही
- ऑइल सेफ्टी व्हॉल्व्हचा दाखला

नेमप्लेटचा फोटो सर्वांत जास्त विसरला जातो. जुना बॉयलर ट्रकमध्ये चढला की तो फोटो मिळवण्याचा मार्ग नाही.

९. बसवायच्या दिवशी

ऑइल बर्नर आणि टाकीचं परमिट फायर डिपार्टमेंटकडून निघतं आणि काम करणाऱ्याकडे राज्याचं ऑइल बर्नर टेक्निशियनचं प्रमाणपत्र लागतं. हे काम थंडी पडायच्या आत, मे ते सप्टेंबरमध्ये उरका. जानेवारीत मशीन बंद पडलं तर तुम्ही रिबेट बघणार नाही, जो माणूस येईल त्याला पैसे द्याल. काम संपल्यावर नव्या मशीनची कंबशन (ज्वलनाची) चाचणी करून त्याचं प्रिंटआउट मागा आणि तेच नव्या कार्डाची पहिली नोंद म्हणून लटकवा. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बेसमेंटसह प्रत्येक मजल्यावर आहेत ना, ते बघा.

रिबेटचा चेक यायला आठवडे लागतात. अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि महिना उलटला की फोन करा. 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडलेल्या फाइलची सूचना बहुधा स्पॅममध्ये गेलेली असते.

१०. ऑइल पूर्ण सोडत असाल तर

डीलरकडे ऑटोमॅटिक डिलिव्हरी असेल तर ती लेखी बंद करा आणि बंद केल्याचं उत्तर मिळवा. ही डिलिव्हरी तुमच्या फोनची वाट बघत नाही. थंडी किती पडली याचा डिग्री-डेचा हिशोब करून ट्रक आपोआप निघतो. किंमत आधीच बांधून घेतली असेल तर करार मध्येच तोडल्याचा दंड किती, तेही वाचा. टाकीतलं उरलेलं ऑइल काही डीलर पंप करून नेतात, क्वचित थोडे पैसेही देतात. स्वतः कॅनमध्ये भरून देऊन टाकायचा उद्योग करू नका.

टाकी काढायलाही फायर डिपार्टमेंटचं परमिट लागतं. आणि टाकी निघाली की घराबाहेरचा ऑइल भरायचा पाइप त्याच दिवशी भिंतीतून काढून भोक सिमेंटने बंद करून घ्या, नुसतं झाकण लावून चालत नाही. ड्रायव्हर नवा असतो, घर नंबर चुकतो, बाहेर पाइप दिसतो आणि तो होज जोडतो. आत टाकीच नसेल तर शंभर-दोनशे गॅलन ऑइल थेट बेसमेंटच्या जमिनीवर येतं. पाइप काढल्याचा फोटो तारखेसह फोल्डरमध्ये टाका आणि विमा कंपनीलाही पाठवा.